जलवनस्पतींवरून पाण्यातील अन्नद्रव्यांची पारख : सर्जापूर रस्त्यालगतच्या तलावांचा बोध

बंगळुरूच्या आग्नेय भागातून सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तलावांची एक जुनी साखळी आहे. आगरा, बेळ्ळंदूर, हरळूर, कसवनहळ्ळी, कैकोंड्रहळ्ळी आणि खालच्या अंगाला वर्तूर ही त्यातील काही नावे. हे तलाव मुळात शेतीसाठी बांधले गेले. एका तलावाच्या सांडव्यातून बाहेर पडलेले पाणी दुसऱ्याला मिळावे, अशी त्यांची रचना होती. आज या परिसरात शेती थोडी आणि इमारती फार झाल्या आहेत. परंतु पाण्याची वाट बदललेली नाही. वर्तूरच्या सांडव्यावरून निघालेले पाणी दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते आणि तमिळनाडूत होसूरजवळच्या केलवरपळ्ळी धरणात पोहोचते. तेथून ते पुन्हा पिकांना दिले जाते. वर शहर आणि खाली शेत असे हे नाते आहे.

या पाण्याने आपल्यासोबत किती नत्र आणि किती स्फुरद आणले, हा खालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नुसता पर्यावरणाचा प्रश्न नसून खतमात्रेचा प्रश्न आहे. त्याचे पहिले उत्तर प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच काठावर उभे राहून मिळू शकते, कारण पाण्यात वाढणाऱ्या वनस्पती त्या पाण्याची सुपीकता आपल्या अंगावर नोंदवून ठेवतात.

तलावात अन्नद्रव्ये साठतात कशी?

बंगळुरू शहर एका उंचवट्यावर वसले आहे आणि त्याचे पाणी मुख्यतः तीन खोऱ्यांतून उतरते. वृषभावती खोऱ्याचे पाणी अर्कावतीमार्गे कावेरीकडे जाते. हेब्बाळ आणि कोरमंगला–चल्लघट्ट या खोऱ्यांचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते. बेळ्ळंदूर हा शहरातील सर्वांत मोठा, सुमारे ९०० एकरांचा तलाव आणि त्याखालचा वर्तूर तलाव हे कोरमंगला–चल्लघट्ट खोऱ्याच्या तोंडाशी आहेत. शहराच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा अनेक दशके याच वाटेने वाहिला.

शहरात अन्नधान्य बाहेरून येते आणि पिण्याचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरील कावेरीतून उपसून आणले जाते. त्या अन्नातील नत्र व स्फुरद मात्र शहराबाहेर परत जात नाहीत. ते सांडपाण्यात उतरतात. भारतीय आहार घेणाऱ्या एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे अडीच ते तीन किलो नत्र बाहेर पडते. लाखो लोकवस्तीच्या खोऱ्यासाठी हा गुणाकार केला, की तलावात काय साठत असेल याची कल्पना येते. धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटची त्यात भर पडते. सांडपाण्यावर नेहमीची द्वितीय स्तरापर्यंतची प्रक्रिया केली, तर सेंद्रिय भार बराच कमी होतो. मात्र नत्र व स्फुरद काढण्याची वेगळी सोय नसेल, तर त्यांचा मोठा भाग पाण्याबरोबर पुढे जातो. म्हणून स्वच्छ दिसणारे प्रक्रियायुक्त पाणीही खतयुक्त असू शकते.

मे २०१५ मध्ये बेळ्ळंदूरच्या फेसाने पेट घेतला. पुढे फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्येही तलावाच्या आवारात आगी लागल्या. त्या वेळी या तलावांची चर्चा देशभर झाली. परंतु फेस आणि आग दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे जलपर्णीचा हिरवा थर तेथे पसरला होता आणि पाण्यातील अन्नद्रव्यांची पातळी तो उघडपणे सांगत होता.

पाण्याचा नमुना आणि वनस्पतींची साक्ष

बाटलीत घेतलेला पाण्याचा नमुना त्या एका क्षणाचे चित्र देतो. सांडपाण्याचा ओघ सकाळी वेगळा व दुपारी वेगळा असतो. पावसाच्या एका सरीनंतर आकडे बदलतात. शिवाय वाढीच्या दिवसांत वनस्पती व शेवाळ विद्राव्य फॉस्फेट इतक्या वेगाने शोषून घेतात, की नमुन्यात ते कमी आढळते आणि पाणी चांगले असल्याचा गैरसमज होतो. प्रत्यक्षात ते स्फुरद हिरव्या थरात बांधलेले असते.

वनस्पती एका जागी आठवडे व महिने राहतात. त्या काळात त्यांना जे मिळाले, त्याचा एकत्रित परिणाम त्यांच्या जातींत, विस्तारात आणि बांध्यात उतरतो. मुळे कोठे आहेत, हेही महत्त्वाचे ठरते. पाण्यावर तरंगणारी वनस्पती आपली सर्व अन्नद्रव्ये पाण्यातूनच घेते, म्हणून ती पाण्याविषयी बोलते. तळाशी रुजलेली वनस्पती गाळातूनही अन्न घेते, म्हणून ती मागील अनेक वर्षांच्या साठ्याविषयी सांगते. तळाशी प्राणवायू संपला, की गाळातील स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते. यामुळेच सांडपाणी बंद करूनही जुन्या तलावात लगेच सुधारणा दिसत नाही आणि गाळ काढण्याचे काम हाती घ्यावे लागते.

कोणती वनस्पती काय सांगते?

*अन्नद्रव्ये फार कमी :* सह्याद्रीतील वेगवान ओढ्यांत खडकांना घट्ट चिकटून वाढणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळातील वनस्पतींना नितळ, वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते. गढूळपणा आणि शेवाळाचा थर त्यांना मानवत नाही. कास पठारावरील सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती सर्वांच्या परिचयाची आहे. ओल्या जमिनीत नत्र अपुरे असल्यामुळेच ती सूक्ष्म जीवांना पकडून आपली गरज भागवते. स्थिर व नितळ पाण्याच्या तळाशी वाढणारे ‘कारा’ हे शेवाळही स्फुरद कमी असल्याची खूण मानले जाते.

*मध्यम पातळी :* वॅलिस्नेरिया, नायास यांसारख्या बुडालेल्या, रुजलेल्या वनस्पतींना तळापर्यंत प्रकाश लागतो. त्यांच्या अस्तित्वाचा अर्थ पाणी अजून पारदर्शक आहे, असा होतो. हायड्रिला मात्र बऱ्याच प्रकारच्या पाण्यात जगते. त्यामुळे तिच्या एकटीवरून निष्कर्ष काढू नये.

*अधिक पातळी :* सिराटोफिलम या वनस्पतीला मुळे नसतात. ती संपूर्ण अंगाने पाण्यातून अन्न शोषते आणि सुपीक पाण्यात दाट वाढते. कंगव्यासारख्या बारीक पानांची पोटॅमोजेटॉन पेक्टिनेटस ही जात प्रदूषण सोसणारी म्हणून ओळखली जाते. दगडांवर लांब केसांसारखे तंतुमय शेवाळ वाढणे हीही याच पातळीची खूण आहे.

*अति पातळी :* जलपर्णी, गोंडाळ आणि डकवीड यांचा सलग थर. कोल्हापूर भागात जलपर्णीला केंदाळ म्हणतात. हा थर प्रकाश अडवतो, त्यामुळे खालच्या बुडालेल्या वनस्पती मरतात. एकेकाळी अनेक जाती असलेल्या पाण्यात दोन-तीनच जाती उरणे हे अतिसुपीकतेचे लक्षण आहे. काठावर पाणकणसाची भिंत उभी राहणे आणि अॅलिगेटर वीड पसरणे हे त्याला पुष्टी देते.

*अझोलाचा अपवाद :* पशुखाद्य म्हणून शेतकऱ्यांना परिचित असलेल्या अझोलाच्या पानांत नील-हरित शेवाळ राहते व ते हवेतील नत्र स्थिर करते. म्हणून अझोलाला पाण्यातील नत्राची फारशी गरज नसते, स्फुरदाची मात्र असते. अझोलाच्या वाफ्यात सुपर फॉस्फेट टाकले जाते ते यासाठीच. एखाद्या तळ्यात डकवीड नाही पण अझोला जोमाने वाढला आहे, असे दिसल्यास तेथे स्फुरद पुरेसे आणि नत्र तुलनेने कमी असण्याची शक्यता तपासावी.

जातीबरोबर बांधाही पाहावा. जलपर्णीचे एक रोप मुळांसकट उपटून पाहिल्यास खूप काही कळते. अन्नद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात रोप खुजे, पाने लहान आणि मुळे लांबलचक असतात. अन्नाच्या शोधात रोप आपली शक्ती मुळांवर खर्च करते. सुपीक पाण्यात याउलट पाने मोठी व गडद हिरवी, तर मुळे आखूड असतात. तुलना करताना रोपे थराच्या एकाच भागातून घ्यावीत, कारण दाटीत वाढलेल्या रोपांचे देठ उंच व सडपातळ, तर कडेच्या मोकळ्या जागेतील रोपांचे देठ फुगीर असतात. हा फरक दाटीचा असतो, अन्नद्रव्यांचा नव्हे.

निरीक्षणाला आकड्याची जोड

युरोपात ही पद्धत नियमित वापरात आहे. युरोपीय संघाच्या २०००च्या जलविषयक चौकट निर्देशानुसार नद्यांची स्थिती ठरवताना जलवनस्पतींचाही विचार करावा लागतो. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात विकसित झालेली ‘मीन ट्रॉफिक रँक’ ही पद्धत समजण्यास सर्वांत सोपी आहे. नदीचा १०० मीटरचा पट्टा निवडतात. त्यातील प्रत्येक जातीला १ ते १० असा ठरलेला क्रमांक असतो; सुपीक पाणी मानवणाऱ्या जातीला लहान, कमी अन्नद्रव्यांत वाढणाऱ्या जातीला मोठा. ती जात किती क्षेत्र व्यापते, यासाठी १ ते ९ असा दुसरा आकडा देतात. दोहोंचा गुणाकार करून सर्व जातींची बेरीज घेतात, तिला व्याप्तीच्या आकड्यांच्या बेरजेने भागतात आणि १०ने गुणतात. उत्तर १० ते १०० यांच्यामध्ये येते. ६५च्या वर असल्यास पाणी अतिसुपीक असण्याची शक्यता कमी, तर २५च्या खाली असल्यास पट्टा गंभीररीत्या बिघडलेला समजतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाला मिळण्यापूर्वीच्या पट्ट्यात ८, ५ व २ क्रमांकांच्या तीन जाती अनुक्रमे ५, ३ व २ व्याप्तीने आहेत. गुणाकारांची बेरीज ४० अधिक १५ अधिक ४, म्हणजे ५९. तिला १०ने भागून १०ने गुणले असता उत्तर ५९. नाल्याच्या खाली त्याच जाती २, ३ व ५ व्याप्तीने आढळल्या, तर बेरीज १६ अधिक १५ अधिक १०, म्हणजे ४१ आणि उत्तरही ४१. जाती त्याच राहिल्या, प्रमाण उलटले आणि नाल्याचा परिणाम आकड्यात दिसला.

ब्रिटनमधील जातींचे क्रमांक सह्याद्रीतील किंवा दख्खनच्या पठारावरील नद्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. जाती वेगळ्या, तापमान वेगळे आणि पावसाळ्यातील पूरही वेगळे. या पद्धतीतून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तिची मांडणी : एकच नदी, एकच ऋतू, सारख्या लांबीचे दोन पट्टे, एक नाल्याच्या वर व एक खाली.

मर्यादा ओळखून वापर

वनस्पतींची साक्ष नेहमीच सरळ नसते. वेगवान प्रवाहात जलपर्णी टिकत नाही, म्हणून तेथे ती नसणे हे पाणी चांगले असल्याचे प्रमाण होत नाही. काठावरील झाडांच्या दाट सावलीत बुडालेल्या वनस्पती कमी असतात. रासायनिक विषारीपणा असल्यास अन्नद्रव्ये भरपूर असूनही काहीच उगवत नाही. एका मर्यादेनंतर अन्नद्रव्ये वाढली तरी जलपर्णीची वाढ आणखी वाढत नाही. ती जादा नत्र व स्फुरद ऊतींत साठवत राहते. म्हणून ‘अधिक’ आणि ‘अत्यधिक’ यांतील फरक केवळ थर पाहून कळत नाही. त्यासाठी सुकवलेल्या पानांचे किंवा पाण्याचे पृथक्करण करावे लागते.

जलपर्णी काढली म्हणजे पाणी सुधारले, हा समजही चुकीचा आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात नियोचेटिना जातीचे भुंगेरे आयात करून शहरातील तलावांत सोडले आणि जलपर्णीच्या जैविक नियंत्रणात चांगले यशही मिळवले. तथापि वनस्पती जागीच कुजली, तर तिच्यातील अन्नद्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात. सांडपाण्याचा ओघ कायम असेल, तर तीच किंवा दुसरी एखादी वनस्पती ती जागा घेते. याउलट सर्जापूर रस्त्यालगतच्याच कैकोंड्रहळ्ळी तलावात नागरिक व महानगरपालिका यांनी मिळून पुनरुज्जीवनाचे काम केले, तेव्हा सांडपाणी अडवणे व वळवणे हा त्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. मोकळे पाणी आणि पक्षी तेथे परतले.

शेतकऱ्याच्या हिशेबात याचा अर्थ

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात सिंचनाचे पाणी ‘ई’ वर्गात येते. त्यासाठी सामू, विद्युतवाहकता, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन यांच्या मर्यादा दिल्या आहेत. नत्र व स्फुरद यांच्या नाहीत. त्यामुळे ‘सिंचनास योग्य’ ठरलेले पाणीही पिकाला नकळत खत देत असू शकते. काठावरची जलपर्णी नेमकी ही राहिलेली बाजू दाखवते.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर १० सेंटिमीटर पाणी दिले, की १० लाख लिटर पाणी होते. त्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम नत्र असेल, तर हेक्टरी १ किलो नत्र मिळते. आता सुरू उसाचे उदाहरण घेऊ, ज्याची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. हंगामात १०० सेंटिमीटर पाणी नदीतून दिले आणि त्यात लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असले, तर १०० किलो नत्र पाण्यातूनच आले. म्हणजे शिफारशीच्या दोन पंचमांश. त्यातील काही हवेत उडून जाते, काही झिरपते; परंतु ते शून्य धरणे योग्य नाही.

खरा धोका वेळेचा आहे. उसाला नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीच्या वेळी दिला जातो. त्यानंतर शेतकरी खत थांबवतो, पण पाणी थांबत नाही आणि त्याबरोबर नत्रही थांबत नाही. पक्वतेच्या काळात मिळालेल्या जादा नत्रामुळे शाकीय वाढ चालू राहते व रसातील साखर घटते. भात लोळतो, मावा व तुडतुड्यांना कोवळी पाने मिळतात, द्राक्षवेलींची शाकीय वाढ अनावर होते. चाऱ्याच्या पिकांत नायट्रेट साठल्यास जनावरांना विषबाधेचा धोका असतो. अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सिंचनाच्या पाण्यात नत्र लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत असल्यास अडचण नाही, ५ ते ३० पर्यंत सावधगिरी हवी आणि ३०च्या वर गंभीर निर्बंध हवेत.

पाणी तपासताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सांडपाण्यातील बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपात असते. केवळ नायट्रेट मोजल्यास आकडा फसवा येतो. म्हणून दोन्ही तपासून घ्यावेत. अहवालात ‘नायट्रेट’ असे लिहिले असेल, तर त्या आकड्याला ४.४३ने भागल्यावर नत्र मिळते.

काढलेल्या जलपर्णीचे कंपोस्ट करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो ग्रामीण, औद्योगिक सांडपाणी नसलेल्या पाण्यासाठी ठीक आहे. शहराखालच्या पाण्यात मात्र जलपर्णीची मुळे जड धातू साठवतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये किलोला कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसे १०० मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक असू नये. तपासणीशिवाय असे कंपोस्ट भाजीपाल्यास वापरू नये, तसेच अशा तलावकाठचे गवत दुभत्या जनावरांना नित्य घालू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिक्रम

१. गावाच्या वरच्या व खालच्या अंगाला, नाला मिळण्याच्या ठिकाणाच्या दोन्ही बाजूंना, १०० मीटरचे दोन पट्टे निश्चित करावेत. सावली, खोली व प्रवाह शक्यतो सारखे असावेत.

२. पूर ओसरून पाणी स्थिरावल्यावर एकदा आणि उन्हाळ्यापूर्वी एकदा, दरवर्षी त्याच सुमारास पाहणी करावी.

३. प्रत्येक जातीची व्याप्ती पाच पायऱ्यांत नोंदवावी : १ टक्क्याहून कमी, १ ते ५, ५ ते २५, २५ ते ५० आणि ५० टक्क्यांहून अधिक. प्रत्येक पट्ट्याचे छायाचित्र त्याच जागेवरून घ्यावे.

४. जलपर्णीची दहा रोपे घेऊन मुळांची व पानांची लांबी मोजावी. हातमोजे व बूट वापरावेत. रोपे दुसऱ्या जलाशयाकडे नेऊ नयेत.

५. दोन पट्ट्यांत ठळक फरक दिसल्यास पाण्याचे नमुने नत्र, फॉस्फेट व विद्युतवाहकतेसाठी प्रयोगशाळेत पाठवावेत.

६. माती परीक्षण व पाणी परीक्षण एकत्र ठेवून खतमात्रा ठरवावी. पाण्यातून येणारे नत्र प्रथम उशिराच्या हप्त्यांतून वजा करावे.

पंचगंगेकाठचा शिरोळ तालुका, उजनीच्या फुगवट्यालगतचा इंदापूर व करमाळा, पुण्याखालील मुळा-मुठेचा पट्टा येथील शेतकऱ्यांना जलपर्णी नवी नाही. आजवर तिच्याकडे पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये अडकणारे तण म्हणूनच पाहिले गेले. बेळ्ळंदूर–वर्तूरच्या साखळीतून एवढे शिकता येते, की ते तण पाण्यातील खताची पावतीही आहे. ती पावती वाचून शेतकऱ्याने युरियाची एक गोणी वाचवली, तर त्याचा खर्च वाचतो आणि त्याच्या शेतातून पुन्हा नदीत जाणारे नत्रही तेवढे कमी होते.